उजळलेलं बाळ

गल्लीत तिला तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. खांद्याला पिशवी, पिशवीत बाळं तोलायचा काटा, म्हणून ती काटाबाई. नाव कुणी ठेवलं ते तिला ठाऊक नव्हतं, पण आवडायचं. "माझा काटा कुणाची भीड धरत नाही," असं ती म्हणायची, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या अंगाने भरलेल्या सासूकडे बघून, "तुम्ही मात्र बसू नका हं यात!"

तिचं काम समजायला सोपं होतं. दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली की दोन दिवसांनी तिच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, बेंबी बघायची, दूध नीट येतंय का ते विचारायचं. बाळंतिणीला घरचे धड जेवू-झोपू देतात का, हे मात्र विचारायचं नाही. ते दार उघडल्या उघडल्या कळतं.

गल्ली शहराच्या खालच्या अंगाला, मासे आणि फळं गार ठेवायच्या मोठ्या गोदामाच्या मागे होती. तिथल्या लोकांच्या पणज्या-पणजोबांना कधीकाळी जहाजांत भरून कामाला आणलं होतं. ती माणसं काळी होती, त्यांची नातवंडं-पतवंडंही काळी. शहराच्या वरच्या अंगाची माणसं गोरी. दवाखाना वर होता, कचरा ओतायची जागा खाली. काटाबाई खाली जन्मली, वर जाऊन नर्सिंग शिकली, आणि आता रोज दवाखान्यातून गल्लीत आणि गल्लीतून दवाखान्यात ये-जा करत होती.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचं दार सहा वर्षांच्या पोरीने उघडलं. घरात तिला चिमणी म्हणत. हातात रंगीत खडू, गालाला हिरवा डाग.

"काटाबाई आल्या! काटाबाई, आमचं बाळ गोरं झालं!"

"अगं, आत तरी येऊ दे त्यांना," बाळाची आत्या हसत पुढे आली. "पण खरंच हं, बघाच तुम्ही. आणलं तेव्हा नुसता कोळसा होता. दोन दिवसांत काय उजळलाय!"

पलंगावर बाळाची आजी पाय पसरून बसली होती. बाळ तिच्या मांडीवर. आजीने आपला उघडा हात बाळाच्या इवल्या हाताशेजारी धरला. "जन्मला तेव्हा असा होता, माझ्यासारखा. म्हटलं, झालं, आमच्याच वळणावर गेला. आणि आता बघ. सुटला बिचारा!"

खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर गोदामाची भिंत. त्यामुळे भरदिवसा ट्यूबलाइट. त्या उजेडात बाळ खरोखरच छान दिसत होतं. तपकिरी अंगावर सोन्याचा हात फिरवल्यासारखं.

"हो की," काटाबाई म्हणाली. "चांगलाच उजळलाय."

तिने ते मुद्दाम म्हटलं नाही. तोंडातून निघून गेलं. लहानपणापासून ती हेच शब्द उलट्या बाजूने ऐकत आली होती. "रंग जरा दबका आहे, पण नाकीडोळी नीटस आहे हो," असं तिची आई पाहुण्यांना सांगायची, जणू दुकानदार कापडावरचा डाग आधीच दाखवून मोकळा होतोय. शाळेत, नोकरीत, लग्नात, जिथे तिथे तिने लोकांच्या नजरेत तो हिशेब पाहिला होता. त्यामुळे गल्लीत कुणी "उजळला" म्हटलं की समोरच्याने "हो की" म्हणायचं, ही तिथली रीतच होती. शिंकल्यावर आपण काहीतरी बोलतो ना, तशी.

मग तिने काटा काढला. छताच्या कडीला अडकवला, झोळी पसरली, बाळाला त्यात ठेवलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या झोळीत घातलेलं मूल ओरडतं. अधांतरी लटकावलेलं कुणाला आवडेल? कुणी हातपाय झाडतं, कुणी सगळा मजला डोक्यावर घेतं, एकाने तर काटाबाईच्या नव्या साडीचा कार्यक्रम आटोपला होता. हे बाळ मात्र झोळीत लोंबकळत राहिलं. पापण्या किंचित हलल्या, पुन्हा मिटल्या.

काट्याचा आकडाही चांगला नव्हता.

"दूध पितो?" तिने बाळाच्या आईला विचारलं. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांखाली झोपेचे खड्डे.

"दोनदा ओढतो आणि झोपतो. उठवलं तरी उठत नाही." तिने नणंदेकडे चोरून पाहिलं. "वन्सं म्हणतात, गुणी आहे."

"आहेच गुणी," आत्या म्हणाली. "ही चिमणी होती तेव्हा रात्रभर आम्हाला नाचवायची. आणि हा बघा, तक्रार म्हणून नाही."

काटाबाईने झोळीतून बाळ उचललं. "जरा बाहेर उजेडात नेते हं याला," एवढंच म्हणून ती बाळ घेऊन जिन्याजवळच्या गच्चीवर गेली. सगळं घर तिच्या मागोमाग.

उन्हाला पाठ करून तिने बाळाची पापणी अलगद खाली ओढली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता. मग धुतलेल्या बोटाने ओठ उचलून हिरडी दाबली. बोट उचललं तेव्हा रक्त सरकलेल्या त्या ठिपक्याची जागा क्षणभर दिसली. पिवळी. जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी.

"आजी," ती शांतपणे म्हणाली, "बाळ उजळलं नाही. बाळाला कावीळ झालीय. आणि बरीच झालीय. आपण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जातोय."

आधी चिमणीच बोलली. लहान मुलं असल्या वेळी नेमका योग्य प्रश्न विचारतात. "कावीळ झाली तर पिवळं होतात ना? हे तर पिवळं नाही. गोरं आहे."

मुलांच्या प्रश्नाला टाळून पुढे जाणं काटाबाईला कधी जमलं नव्हतं, घाईतसुद्धा. आई-आत्या बाळाचे कपडे गोळा करत होत्या, तेवढा वेळ होताच. "तुझा पिवळा खडू आण. आणि पांढरा कागद."

चिमणीने आणला. काटाबाईने कागदावर रेघ ओढायला लावली. "काय दिसतंय?"

"पिवळं!"

"आता या बुटांच्या खोक्यावर ओढ."

चिमणीने तपकिरी पुठ्ठ्यावर जोर लावून खडू घासला. डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं. "हे पिवळं नाही झालं. खोकंच थोडं फिकं झालं."

"खडू तोच आहे की नाही?"

"तोच आहे." चिमणीने खडूचं टोक तपासून घेतलं, मग खोक्याकडे पाहिलं, मग आजीच्या हाताकडे. "म्हणजे आपण सगळे खोक्यासारखे?"

"आपण खोक्यासारखे. आणि आपल्यावर पिवळं चढलं की आपल्याच माणसांना वाटतं, वा, उजळला."

आजीने हा सगळा धडा ऐकला होता. तिचा आवाज चढला. "पण सोडताना तिथल्या सिस्टरने बघितलं होतं! कपाळावर बोट ठेवून म्हणाली, पिवळा नाही, घेऊन जा."

"तिने बघितलं आणि तिला दिसलं नाही," काटाबाई म्हणाली. "मलाही आत्ता आत दिसलं नव्हतं. मीही उजळला म्हटलंच की. चला."

बाळाचा बाप बेकरीची गाडी चालवायचा. आत्याने फोन केला आणि तो पावांच्या ट्रेसकट गाडी घेऊन आला. आजी पुढे, आई बाळाला छातीशी धरून मागे, काटाबाई पावांच्या वासात उकिडवी. वर जाताना तिच्या डोक्यात एकच विचार होता. कावीळ फार चढली की ती मेंदूत शिरते. मूल जगतं, पण कधी कान जातात, कधी हातपाय वेडेवाकडे होतात. हे थांबवायला एक रक्ततपासणी आणि बाळाला ज्यांच्या उजेडात ठेवतात ते निळे दिवे पुरतात, पण वेळेवर. गल्लीत ऐकू न येणारी मुलं वरच्या शहरापेक्षा जास्त होती, हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. एकदा तिने दवाखान्याच्या बैठकीत तसं विचारलंही होतं. तेव्हा कुणीतरी कप खाली ठेवत म्हटलं होतं, "तुमच्या लोकांत रक्तातच काहीतरी असेल." रक्तात काय आहे हे रक्त तपासून पाहावं, असं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. गोरा, उंच, चष्म्याच्या काचेवर बोटांचे ठसे. वाईट माणूस नव्हता. सकाळपासून उभा होता एवढंच. त्याने बाळाला पांढऱ्या दिव्याखाली निजवलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, कपाळ दाबून पाहिलं.

"मला काही फार पिवळं दिसत नाही."

"डोळे बघा, डॉक्टर. हिरड्या बघा."

"डोळ्यांचं म्हणाल तर तुमच्या लोकांचे डोळे जरा मळकटच असतात ना." तो बोलून गेला आणि त्याला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही. "म्हणजे तसं नाही..."

"कसं नाही?" काटाबाई म्हणाली. आवाज खाली, पण जागचा हलणारा नाही. "हे चार दिवसांचं बाळ आहे. याचे डोळे मळायला यानं अजून जगात पाहिलंय काय?"

बाळाच्या बापाला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. डॉक्टरही हसला, थोडा ओशाळून. "सिस्टर, तुमचं म्हणणं कळतंय. पण आमचा नियम आहे, पिवळं दिसलं तर रक्त. एवढ्याशा जिवाला उगाच टोचायचं? आणि सुस्ती म्हणाल, तर पहिले चार दिवस मुलं झोपतातच. आई नवखी असेल..."

"दुसरं आहे तिचं," काटाबाई म्हणाली.

"आज दूध नीट पाजा, उद्या सकाळी आणा. उद्याही असाच असेल तर करू."

उद्या सकाळी. बाळाची आई काटाबाईकडे बघत होती. आपण काही म्हटलं की इथे काय उत्तर मिळतं, ते तिला चिमणीच्या वेळेपासून माहीत होतं. लवकर आलं तर घाबरट, उशिरा आलं तर अडाणी.

काटाबाईने विचार केला. डॉक्टर खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हतं. त्याने हे बाळ आज पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नुसतं गव्हाळ बाळ होतं. त्याच्या डोळ्यांपुढे नसलेली एकच गोष्ट त्याला द्यायला हवी होती. ती गोष्ट आजीकडे होती.

"आजी, डॉक्टरांना सांगा, बाळ जन्मलं तेव्हा कसं होतं."

आजीचा चेहरा बंद झाला. "कसं म्हणजे? चांगलं होतं."

"रंगाचं सांगा."

"ते यांना काय करायचंय?" आजी काटाबाईच्या कानाशी कुजबुजली, पण आजींची कुजबुज सगळ्यांना ऐकू जाते. "अगं, घरात काय बोललो ते घरात. ह्यांच्यापुढे सांगायचं, की आम्ही गोरा झाला म्हणून नाचत होतो? आयुष्यभर ह्यांनी आम्हाला खालच्या नजरेने पाहिलं, आणि आता मीच सांगू, की हो, आम्हालाही तुमच्यासारखं व्हायचं होतं? हसतील मला."

"हसू देत."

"तुला बरं आहे बोलायला."

"मी पण उजळला म्हटलं ना, आजी. मला पण हसू देत." काटाबाईने तिचा हात धरला. "पण तुमच्याइतकं नीट कुणी पाहिलेलं नाही. तुम्ही रोज हात लावून पाहिलंय. इथे तसं कुणी पाहत नाही."

आजी उभी राहिली. ओठ मिटलेले, नाकपुड्या फुगलेल्या. बाळाकडे पाहिलं. ते दिव्याखाली तोंड किंचित उघडं टाकून पडलं होतं, एवढ्या माणसांच्या आवाजात, एवढ्या उजेडात, आणि ढिम्म हलत नव्हतं. मग तिने आपली बाही कोपरापर्यंत वर सारली, दिव्याखाली गेली, आणि आपला काळा, सुरकुतलेला हात बाळाच्या हाताशेजारी ठेवला. घरी ठेवला होता तसाच.

"हे बघा, डॉक्टर. जन्मला त्या दिवशी हा असा होता. माझ्या रंगाचा. मी ठेवून पाहिलं होतं. काल थोडा निराळा. आज हा एवढा निराळा. आम्हाला वाटलं, गोरा होतोय. आम्हाला आनंद झाला." तिने मान वर केली. "हसायचं असेल तर हसून घ्या. पण माझं रक्त काळ्याचं आहे, दोन दिवसांत ते गोरं कसं होईल?"

डॉक्टर हसला नाही. तो दोन्ही हात बघत राहिला, एकदा हा, एकदा तो. मग त्याने स्वतः बाळाची पापणी ओढली, खिडकीचा पडदा सारून दिवसाचा उजेड आत घेतला, आणि ओठ उचलून हिरडी दाबली. बराच वेळ वाकून राहिला.

"सिस्टर," तो ताठ होत वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला म्हणाला, "रक्त घ्या. आत्ता. आणि दिवे तयार ठेवा, आकड्याची वाट बघू नका."

टाचेला टोचलं तेव्हा बाळ बारीकसं कण्हलं. आईने डोळे मिटून घेतले. रक्तातल्या काविळीचा आकडा आला तेव्हा डॉक्टरने तो दोनदा वाचला आणि फोन करून वरिष्ठांना बोलावलं. त्या बाईंनी येऊन पाहिलं, सरळ भाषेत सांगितलं. "फार वर गेलाय, पण हाताबाहेर नाही. दिव्यांनी उतरला नाही तर रक्त बदलावं लागेल. आज आणलंत हे चांगलं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर हे मी बोलू शकले नसते."

'उद्या' ऐकून तरुण डॉक्टरने चष्मा काढून पुसला. काटाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. माणसाला चष्मा पुसायला थोडा एकांत द्यावा.

रक्त बदलावं लागलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून बाळ निळ्या दिव्यांखाली राहिलं आणि आकडा जिना उतरावा तसा उतरत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पहिल्यांदा असा काही टाहो फोडला, की शेजारच्या पाळण्यातली दोन बाळंही सामील झाली आणि मोठ्या सिस्टर कानात बोटं घालून म्हणाल्या, "आता कुणी गुणी म्हणू नका हं याला." बाळाची आई तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसली, आणि रडतही होती, आणि पदराआड त्याला घेऊन बसली तर तो असा ओढू लागला, की तिने "अरे हळू!" म्हटलं. पुढे कानांची तपासणी झाली. टाळी वाजली की तो दचकायचा, चिमणी दाराआडून "भॉ" म्हणाली की आणखी दचकायचा.

आजी रोज बाही वर करून हात लावून बघायची. "येतोय," ती सुनेला सांगायची, "येतोय माझ्यासारखा. अजून थोडा कमी आहे." आत्याने एकदा चुकून, "थोडा उजळच राहिला तर काय बिघडलं?" म्हटलं, तर आजीने तिच्याकडे असं पाहिलं, की पुढचे दोन दिवस ती जपूनच बोलली.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण काटाबाईने संपवली नाही. पुढच्या बैठकीत ती उठून उभी राहिली. या वेळी कुणी रक्तात काहीतरी असेल म्हणालं नाही, कारण तरुण डॉक्टर तिच्या आधीच बोलला. त्याने सगळं सांगितलं, 'उद्या सकाळी'सकट. आणि म्हणाला, "यापुढे खालच्या वस्तीतल्या बाळांची सोडण्याआधी यंत्राने तपासणी करावी. कपाळाला लावून कावीळ मोजायचं यंत्र आपल्याकडे कपाटात पडून आहे, आकडा वर दिसला तर रक्त."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काटाबाईने नाही.

"खालच्या वस्तीतल्या का?"

"त्यांचं डोळ्याला दिसत नाही म्हणून," डॉक्टर म्हणाला. त्याला वाटत होतं, ती खूश होईल.

"आणि कोण खालच्या वस्तीतलं, हे दारात उभं राहून कोण ठरवणार? माझी एक मैत्रीण आहे, आई गोरी, बाप काळा. तिच्या पोराला कुठल्या रांगेत घालणार? पुन्हा डोळ्यानेच ना?" ती हसून म्हणाली. "डोळ्याने चूक झाली, आणि चूक निस्तरायचं कामही डोळ्यालाच द्यायचं? सगळ्यांची करा. गोऱ्यांची, काळ्यांची, अधल्यामधल्यांची. कुणाला का, ते विचारायलाच नको."

"सगळ्यांची? वेळ कुठून आणायचा?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"एक बाळ दिव्याखाली ठेवायला किती वेळ गेला, तो मोजा ना, बाई."

वरिष्ठ बाईंनी पेनने टेबलावर टकटक केलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "सगळ्यांची."

महिना उलटला. एका सकाळी काटाबाई पिशवी खांद्याला लावून वॉर्डातून निघाली होती. दाराशी गल्लीतलीच एक आजी नव्या नातीला घेऊन उभी होती आणि तरुण डॉक्टर तिच्यापुढे वाकला होता. यंत्राचा आकडा त्याचा वाचून झाला होता, पण तो तिथून हलत नव्हता.

"आजी, एक विचारू? घरच्यांच्या मते बाळाचा रंग बदललाय का?"

त्या आजीने बाळ घट्ट छातीशी धरलं. "का हो? रंगाचं काय घेऊन बसलात सकाळी सकाळी?"

डॉक्टर गडबडला. चिमणीच्या खडूची आणि खोक्याची गोष्ट काटाबाईने त्याला सांगितली होती. मग त्याने खिशातून पेन काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि औषधांच्या खोक्याचा एक तपकिरी पुठ्ठा उचलला. "हे बघा, समजा हा खडू आहे..." पेन निळं होतं. काहीच नीट दिसेना. तो अडखळला, पुन्हा सुरू झाला, आजी भुवया उंचावून ऐकत राहिली आणि हळूहळू पुढे झुकली.

काटाबाई मध्ये पडणार होती. पडली नाही. शिकणाऱ्याला आपल्या पायाने चालू द्यावं लागतं. तिने काटा सावरला आणि जिना उतरायला लागली. खाली तीन बाळं तिची वाट पाहत होती.